चोपण जमिनीवरील फुलपाखरांची बाग

लखनौहून कानपूरकडे जाणारा रस्ता अमौसीचा विमानतळ मागे टाकून पुढे गेला की सरोजिनी नगरचा भाग सुरू होतो. स्वातंत्र्याच्या दिवशी संयुक्त प्रांताच्या राज्यपालपदाची सूत्रे हाती घेणाऱ्या आणि २ मार्च १९४९ रोजी लखनौ येथेच दिवंगत झालेल्या सरोजिनी नायडू यांचे नाव या भागाने धारण केले आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या स्कूटर्स इंडिया या सरकारी कंपनीचा कारखाना येथेच होता. तो बंद करण्याचा निर्णय २०२१ मध्ये झाला. आज रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामे, लहानमोठे कारखाने आणि नव्या वसाहती दिसतात. त्यांच्या मागे गव्हाची आणि भाताची शेते आहेत. आणि या दोहोंच्या मधोमध, कोणाच्याच कामाची नाही अशी समजली जाणारी, उन्हात पांढुरकी दिसणारी मोकळी जमीन आहे. फुलपाखरांच्या बागेचा विचार येथे करावयाचा तर आरंभ या तिसऱ्या प्रकारच्या जमिनीपासून करावा लागतो.

या जमिनीला तिकडे 'ऊसर' म्हणतात. मराठीत तिच्यासाठी 'चोपण' हा नेमका शब्द आहे. क्षारपड आणि चोपण हे दोन शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात, परंतु त्यांत भेद आहे. क्षारपड जमिनीत विरघळणारे क्षार प्रमाणाबाहेर असतात. चोपण जमिनीत मातीच्या सूक्ष्म कणांना सोडियम चिकटलेला असतो. त्यामुळे कण विखुरतात, मातीतील पोकळ्या बुजतात आणि पाणी व हवा आत शिरेनाशी होते. पावसाळ्यात अशा जमिनीवर पाणी दिवसेंदिवस साचून राहते. उन्हाळ्यात तीच जमीन विटेसारखी कठीण होते. तिचा सामू ८.५ च्या वर असतो, काही ठिकाणी तो १० च्याही पुढे जातो. पृष्ठभागावर पांढरे पूट चढते, त्याला 'रेह' असे नाव आहे. पूर्वी धोबी ते कपडे धुण्यासाठी वापरीत. पुटाखाली हात-दोन हात खोलीवर बहुधा चुनखडीच्या खड्यांचा कठीण थर लागतो. सरोजिनी नगरची सारीच जमीन अशी नाही, पण घराभोवतीच्या अंगणात खणू लागताच पहार खणकन वाजावी, हा अनुभव या भागात दुर्मिळ नाही.

अशा अंगणात बाग करू इच्छिणारा मनुष्य सामान्यतः एकच गोष्ट करतो. तो रोपवाटिकेतून चांगली माती विकत आणतो, वाफे भरतो आणि त्यांत झिनिया, पेटुनिया, झेंडू, कॉसमॉस अशी फुलझाडे लावतो. फुले येतात आणि फुलपाखरेही येतात. घटकाभर मध पिऊन ती निघून जातात. बाग रंगीत दिसते, परंतु पुढल्या वर्षी फुलपाखरांची संख्या वाढलेली नसते. याचे कारण असे, की जेथे केवळ फुले आहेत ती जागा फुलपाखरांच्या दृष्टीने पाणपोई असते, घर नसते. फुलपाखराच्या आयुष्यातील खाण्याचा खरा काळ अळीच्या अवस्थेत जातो आणि अळी फुलांवर क्वचितच जगते. ती पाने खाते. तीही वाटेल ती नव्हेत, तर आपल्या जातीला चालणारी ठराविक पाने. म्हणून फुलपाखरांची बाग वस्तुतः अळ्यांसाठी लावावी लागते. हे तत्त्व समजण्यास सोपे आहे. आचरणात आणण्यास मात्र जड जाते, कारण ज्या बागेत पाने कुरतडलेली दिसत नाहीत तीच चांगली बाग, असे मनावर फार खोल बिंबलेले असते.

लिंबाच्या झाडाभोवती घोटाळणाऱ्या काळ्या-पिवळ्या फुलपाखराचे उदाहरण घेता येईल. इंग्रजीत त्याला लाइम बटरफ्लाय आणि शास्त्रीय परिभाषेत पॅपिलिओ डेमोलिअस म्हणतात. हे फुलपाखरू जवळजवळ साऱ्या भारतात आहे. मादी पानावर क्षणभर उतरते आणि पुढच्या पायांनी त्यावर भराभर ताल धरल्यासारखे करते. तिच्या पायांवर रसायने ओळखणारी सूक्ष्म इंद्रिये असतात. पान योग्य वनस्पतीचे आहे की नाही याची परीक्षा ती अशी पायांनी चाखून करते. परीक्षेत पान उतरले तर कोवळ्या पालवीवर ती मोहरीएवढे फिकट पिवळे अंडे घालते, आणि पुढच्या पानाकडे जाते. तीन-चार दिवसांत अंड्यातून अळी बाहेर येते. पहिल्या चार अवस्थांत ही अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी, काळपट-तपकिरी आणि मध्ये पांढऱ्या डागाची दिसते. पाचव्या अवस्थेत ती एकाएकी पानासारखी हिरवी होते. कोणी डिवचले तर डोक्यामागून तांबूस रंगाचे दुभंगलेले शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. दोन-तीन आठवडे खाऊन झाल्यावर ती रेशमाचा पट्टा कमरेभोवती घेऊन काटकीला टेकते व कोषात जाते. उबदार हवेत अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा हा सारा प्रवास सुमारे महिन्याभरात पुरा होतो. या महिन्यात लिंबाचे एखादे लहान रोप जवळपास निष्पर्ण होऊ शकते. मोठ्या झाडाला त्याची फारशी क्षिती नसते.

कोणती अळी काय खाते हे ज्ञान सहजासहजी हाती आलेले नाही. भारतात ते मिळवण्याचे फार मोठे कार्य पश्चिम किनाऱ्यावर, त्या वेळच्या मुंबई इलाख्यात झाले. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी ई. एच. एटकेन यांचा जन्म १८५१ मध्ये साताऱ्याचा. ते मीठ आणि जकात खात्यात नोकरीला होते. मुलकी अधिकारी जे. डेव्हिडसन आणि वनाधिकारी टी. आर. बेल यांच्यासह त्यांनी कारवारच्या परिसरात अळ्या गोळा केल्या, त्या वाढवल्या, आणि कोणत्या वनस्पतीवर कोणते फुलपाखरू निपजते याच्या नोंदी केल्या. उत्तर कानडा जिल्ह्यातील फुलपाखरांवरील त्यांचे लेख सोसायटीच्या नियतकालिकात १८९६ पासून आले. पुढे बेल यांनी १९०९ पासून भारताच्या मैदानी प्रदेशातील सामान्य फुलपाखरांवर अनेक वर्षे लेखमाला लिहिली. जाळे घेऊन फुलपाखरांमागे धावणारे हौशी संग्राहक त्या काळी पुष्कळ होते. अळीला रोज ताजा पाला घालून तिच्या पुढे बसून राहणारे थोडे. सरोजिनी नगरात आज कोणी अळ्यांसाठी रोप निवडतो, तेव्हा तो बऱ्याच अंशी या थोड्या लोकांच्या कष्टांवर उभा असतो.

आता सरोजिनी नगरच्या अंगणात काय लावावे हे पाहू. पहिली वनस्पती विकत आणावी लागत नाही. ती उपटून टाकण्याचे थांबवले तरी पुरे. मराठीत जिला रुई म्हणतात, ती तिकडे 'मदार' किंवा 'आक' या नावाने ओळखली जाते. उत्तरेच्या कोरड्या मैदानात तिची कॅलोट्रॉपिस प्रोसेरा ही जात विशेष आढळते. रस्त्याच्या कडेला, ढिगाऱ्यांवर, रेह चढलेल्या भूमीवरही ती तग धरते, आणि उन्हाळ्याच्या लूमध्ये इतर सारे करपले असताना तिची जाड पाने हिरवी राहतात. केशरी रंगाचे, पंखांच्या टोकांना काळे-पांढरे असलेले प्लेन टायगर हे फुलपाखरू हिच्यावर अंडी घालते. रुईचा चीक विषारी आहे. अळी पान खाण्यापूर्वी त्याची शीर कुरतडून चिकाचा प्रवाह तोडते आणि मग निर्धोकपणे पुढचा भाग खाते. तरीही काही विष तिच्या शरीरात जाते, साठते आणि पुढे फुलपाखरातही उतरते. पक्षी अशा फुलपाखराला एकदा तोंड लावून पाहतात आणि तो धडा विसरत नाहीत.

या गोष्टीचा लाभ दुसराच कोणी घेतो. डॅनेड एगफ्लाय नावाच्या फुलपाखराचा नर काळा असून त्याच्या पंखांवर पांढरे गोल ठिपके असतात. मादी मात्र नराशी काडीचेही साम्य न दाखवता हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते. तिच्यात विष नसते; विषारी फुलपाखराचे सोंग घेऊन ती पक्ष्यांपासून बचावते. या जातीची अळी घोळीवर वाढते. घोळीची भाजी उत्तर प्रदेशातही खातात. तिला तिकडे 'कुल्फा' हे नाव आहे. म्हणजे एका कोपऱ्यात रुई आणि वाफ्याच्या कडेला घोळ, एवढ्या दोन क्षुल्लक वनस्पतींवर अस्सल आणि नक्कल दोन्ही एकाच अंगणात पाहावयास मिळू शकतात. विकतच्या कोणत्याही शोभिवंत रोपाकडून एवढी करमणूक होणार नाही.

लिंबाच्या कुळातील वनस्पतींत येथे सर्वांत उपयुक्त बेल होय. चोपण जमीन सहन करणाऱ्या फळझाडांत बेल, बोर आणि आवळा यांची गणना होते आणि उत्तर प्रदेशात ऊसर जमिनीसाठी त्यांची शिफारस केली जाते. बेलावर लाइम बटरफ्लायच्या अळ्या वाढतात. बोरीवर कॉमन पिएरो या पांढऱ्या, काळ्या ठिपक्यांच्या लहानग्या फुलपाखराची अळी असते. कढीपत्त्याचे झाड मात्र सुधारलेल्या मातीत लावणे बरे. त्याच्यावर लाइम बटरफ्लायबरोबर कॉमन मॉर्मन हे काळे शेपटीवाले फुलपाखरू येते. कॉमन मॉर्मनच्या माद्या एकाच जातीच्या असूनही निरनिराळ्या वेषांत वावरतात: काही नरासारख्या दिसतात, काही कॉमन रोझ या विषारी फुलपाखरासारख्या, तर काही क्रिमझन रोझसारख्या. ज्याला हा खेळ पुरा पाहावयाचा असेल त्याने कॉमन रोझसाठी ईश्वरीचा वेल लावावा. ईश्वरी, म्हणजे ॲरिस्टोलोकिया इंडिका, ही औषधी वनस्पती आहे. तिला सावलीचा आधार आणि निचऱ्याची माती लागते, म्हणून ती मोठ्या कुंडीत वाढवणे श्रेयस्कर. ईश्वरीऐवजी तिच्याच कुळातील अमेरिकन शोभेचे वेल लावण्याचा मोह टाळला पाहिजे. त्यांपैकी काहींवर मादी फसून अंडी घालते आणि अळ्या ती पाने पचवू न शकल्याने मरतात. परदेशी झाडाविषयीचा आक्षेप येथे भावनेचा राहत नाही.

देशी-विदेशी हा भेद तरीही काटेकोरपणे पाळता येईलच असे नाही. एरंड हे मूळचे आफ्रिकेतील झाड. अतिप्राचीन काळी ते भारतात आले आणि आता पडीक जमिनीवर आपोआप उगवते. कॉमन कॅस्टर नावाचे तपकिरी फुलपाखरू एरंडावर पोसते. तेच खाजकोलतीवरही वाढते, आणि खाजकोलती येथीलच आहे. अंगणात खाजकोलती लावा असा सल्ला कोणी शहाणा मनुष्य देणार नाही. त्या मानाने एरंड पुष्कळ सुसह्य आहे. मात्र त्याच्या बिया विषारी असल्याने लहान मुलांच्या घरी तो कुंपणाबाहेर असावा.

मोठी झाडे लावण्यास जागा असेल तर चोपण जमिनीच्या सुधारणेचा प्रश्न पुढे येतो, आणि त्या बाबतीत सरोजिनी नगर भाग्यवान आहे. लखनौच्या सिकंदर बागेतील राष्ट्रीय वनस्पती उद्यान १९५३ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने आपल्याकडे घेतले. १९७८ मध्ये त्याचे नाव राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था असे झाले. या उद्यानाचे पहिले संचालक कैलासनाथ कौल यांनी १९५० च्या दशकात याच कानपूर रस्त्यावर, सरोजिनी नगरच्या पुढे बंथरा येथे, ऊसर जमिनीवर प्रयोग सुरू केले. रासायनिक सुधारकांपेक्षा सेंद्रिय द्रव्यांवर आणि अशा जमिनीला सोसणाऱ्या वनस्पतींवर त्यांचा भर होता. ज्या जागी गवताचे पातेही नीट उगवत नव्हते तेथे कालांतराने झाडी उभी राहिली. घरच्या बागेला या प्रयोगातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. जमीन एका वर्षात बदलत नाही. तिच्यावर सतत काही ना काही उगवत, कुजत आणि मुरत राहिले पाहिजे. पावसाच्या पाण्याचा निचरा झाला पाहिजे, आणि झाडासाठी घेतलेला खड्डा चुनखडीचा थर फोडून खाली गेला पाहिजे. वरवर खणून भरलेल्या खड्ड्यात झाड दोन वर्षे चांगले वाढते आणि मुळे थराला लागली की खुरटते.

हिरवळीच्या खतासाठी उत्तरेतील शेतकरी चोपण जमिनीत धैंचा पेरतात. ही सेस्बेनिया वंशातील शेंगांची वनस्पती सोडियमला दाद देत नाही. तिची मुळे मातीला भेगा पाडतात आणि फुलोऱ्यापूर्वी ती गाडली की माती भुसभुशीत होऊ लागते. कॉमन ग्रास यलो या पिवळ्याधमक फुलपाखराची अळी धैंचाच्या पानांवर वाढते. तेव्हा धैंचा सगळा एकाच दिवशी गाडू नये, एक पट्टा राखावा. जमीन सुधारणे आणि फुलपाखरे पोसणे ही दोन कामे येथे एकच वनस्पती करते. तिच्यामागून करंज, बाभूळ आणि अर्जुन लावता येतात. तिघेही अशी जमीन बऱ्यापैकी सोसतात. करंजावर कॉमन बँडेड ऑल या चपळ फुलपाखराच्या अळ्या पाने गुंडाळून राहतात, आणि बाभळीवर बबूल ब्लू ही नखाएवढी निळी फुलपाखरे. निचऱ्याची जागा असल्यास बहावाही लावावा. बहाव्याला कोवळी पालवी फुटली की कॉमन एमिग्रंटच्या माद्या तिच्यावर तुटून पडतात आणि पंधरवड्यात झाडाची दशा पाहवत नाही. झाड पुन्हा फुटते. हे ठाऊक नसलेला माळी त्या पंधरवड्यातच फवारणीचा पंप घेऊन येतो.

मोठ्या झाडांइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व पायाखालच्या तणाला आहे. हिरवळीवर आपोआप उगवणाऱ्या आंबुशीवर पेल ग्रास ब्लू हे निळसर फुलपाखरू वाढते. चिकण्यावर ग्रिझल्ड स्किपर नावाचे ठिपकेदार लहान फुलपाखरू असते. उंच गवतावर ईव्हनिंग ब्राउन येते. दिवसा ते वाळलेल्या पानासारखे निश्चल बसते आणि तिन्हीसांजेला उडते. या साऱ्यांना लागणारी जागा खाटेएवढी असली तरी चालते, पण ती नियमाने कापली जाणारी हिरवळ नसावी. घरासमोर नीटनेटकी हिरवळ हवीच असेल तर घरामागे एक चौकोन मोकळा सोडावा. शेजाऱ्यांना तो चौकोन आळसाचे चिन्ह वाटतो, आणि या बागेची खरी अडचण बहुधा मातीपेक्षा शेजाऱ्यांकडून अधिक येते. चौकोनाला विटांची कडा घातली, की तीच जागा मुद्दाम राखल्यासारखी दिसते. हा उपाय साधा असला तरी गुणकारी आहे.

अन्नवनस्पती झाल्या, आता मधाविषयी. लखनौचा उन्हाळा कठोर असतो. मे आणि जून महिन्यांत पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जातो आणि पश्चिमेकडून लू वाहते. पाऊस जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत पडतो, वर्षाकाठी सुमारे ९०० ते १,००० मिलिमीटर. हिवाळ्यात धुके आणि कडक थंडी असते. फुलपाखराचे रक्त थंड. अंग तापल्यावाचून त्याचे स्नायू चालत नाहीत, पण फार तापले तर तेही त्याला बाधते. म्हणून बागेच्या पश्चिमेला अडुळशाचे दाट कुंपण असावे. ते लू अडवते आणि त्याची पाने गुरे खात नाहीत. पूर्वेची बाजू मोकळी ठेवावी, म्हणजे हिवाळ्याच्या सकाळी पहिले ऊन वाफ्यांवर येते. तेथे दोन-चार सपाट दगड ठेवले तर पंख पसरून ऊन खाणारी फुलपाखरे त्यांवर दिसतात. पावसाळ्यानंतर, सप्टेंबर ते नोव्हेंबर, त्यांचा सर्वांत मोठा हंगाम. दुसरा लहान हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत. या काळात फुलणारी देशी झुडपे लावावीत: कोरांटी, निर्गुडी, आणि उत्तरेत ज्याला 'भांट' म्हणतात ते भांडीर. तुंबा आणि सहदेवी यांची फुले इतकी लहान की त्यांना बागेत कोणी स्थान देत नाही, पण निळी फुलपाखरे त्यांच्यावरच अधिक दिसतात. घाणेरीवर फुलपाखरांची गर्दी होते हे खरे आहे. तथापि ती मुळात अमेरिकेतील असून भारतातील जंगले तिने व्यापून टाकली आहेत. पक्षी तिच्या बिया दूरवर नेतात. जिच्यावाचून चालू शकते ती न लावणेच योग्य.

एका वनस्पतीचा उल्लेख स्वतंत्रपणे केला पाहिजे. भुरुंडी ही पाणथळ, पडीक जागी वाढणारी वनस्पती. तिचा फुलोरा विंचवाच्या नांगीसारखा वळलेला असतो. तिची एखादी फांदी मोडून उन्हात वाळत ठेवली, की प्लेन टायगर आणि त्याच्या जवळच्या जातींचे नर तिच्यावर जमतात व सोंडेने तिचा रस शोषू लागतात. मध हा त्यांचा हेतू नसतो. त्या वनस्पतीतील अल्कलॉइड द्रव्यांपासून ते मादीला आकर्षित करणारा गंध तयार करतात. खुळखुळ्याच्या वाळक्या शेंगांवरही हेच दृश्य दिसते.

नरांच्या आणखी एका सवयीचा संबंध सरोजिनी नगरच्या मातीशी पोहोचतो. पावसाळ्यानंतर ओलसर चिखलावर फुलपाखरांचे थवे बसलेले दिसतात. त्यात बहुतेक नर असतात. पानांतून अळीला आणि फुलांतून फुलपाखराला सोडियम फारच थोडा मिळतो. नर तो चिखलातून घेतात आणि समागमाच्या वेळी त्यातील काही अंश मादीला देतात. तो पुढे अंड्यांत जातो. ज्या सोडियमने येथील शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या नाडले, त्यासाठीच फुलपाखरे चिखलाचे पाणी पीत बसतात. म्हणून अंगणातली सारी जमीन सुधारू नये. नळाजवळचा एखादा पसरट खळगा मूळच्या मातीचाच ठेवून ओला राखावा.

अशा बागेचे चांगले उदाहरण मराठी वाचकाला जवळचे आहे. ठाण्याला घोडबंदर रस्त्यावर ओवळे येथे ओवळेकर वाडी या नावाने दोनेक एकरांवर फुलपाखरांची उघडी बाग आहे. १९९० च्या दशकात ती उभी राहू लागली. तेथे जाळी नाही, काचेचे घर नाही. अळ्यांना लागणाऱ्या वनस्पती लावल्या, आणि शेजारच्या येऊरच्या डोंगरातील जंगलातून फुलपाखरे आपण होऊन आली. शंभरांहून अधिक जाती तेथे आढळल्या आहेत. तथापि तिची यादी उचलून लखनौला नेता येणार नाही. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ब्लू मॉर्मन हे राज्याचे फुलपाखरू म्हणून घोषित केले. देशात असे करणारे ते पहिले राज्य होते. हे भव्य निळे-काळे फुलपाखरू सह्याद्रीच्या आणि दक्षिणेच्या दमट वनांचे आहे. लखनौच्या अंगणात त्याच्यासाठी कितीही झाडे लावली तरी ते यावयाचे नाही. भारतात फुलपाखरांच्या तेराशेहून अधिक जाती आहेत, आणि कोणत्याही एका बागेच्या वाट्याला त्यांतील त्या त्या मुलखातल्याच जाती येतात. ओवळ्याकडून घ्यावयाची ती पद्धत: आधी परिसरात काय उडते ते वर्षभर पाहावे, मग त्यांच्या अळ्या काय खातात ते शोधावे, आणि शेवटी लावणी करावी. ओवळ्याला पाठीशी जंगल होते. सरोजिनी नगरच्या पाठीशी फक्त ती पांढुरकी मोकळी जमीन आहे, जिच्यावर रुई, बोरी, बाभळी आणि भुरुंडी अजून उभ्या आहेत.

ही मोकळी जमीन झपाट्याने कमी होत आहे. २०१९ पासून मेट्रो अमौसीच्या विमानतळापर्यंत पोहोचली आणि कानपूर रस्त्यालगतच्या भूखंडांना मागणी वाढली. बांधकामापूर्वी जागा साफ केली जाते तेव्हा रुईची झुडपे सर्वांत आधी जातात, कारण ती कोणाचीच नसतात. त्या झुडपांवरच्या अळ्या आणि कोष त्यांच्याबरोबर जातात. वसाहत पुरी झाली की रस्त्याच्या दुभाजकावर विदेशी फुलझाडे लागतात आणि संध्याकाळी डासांसाठी धूर फवारला जातो. डासांना मारणारे द्रव्य अळीला ओळखून सोडीत नाही. अंगणातली बाग या मोठ्या प्रक्रियेला थांबवू शकत नाही. पण एखाद्या गल्लीतील पाच-सहा घरांनी रुई, बेल आणि घोळ राखली, तर एका अंगणातील मादीला अंडी घालण्यासाठी पुढचे अंगण सापडते. रोपे मिळवण्याचा उत्तम काळ म्हणजे एखाद्या भूखंडाची साफसफाई सुरू होण्याच्या थोडे आधीचा. जागेच्या मालकाला विचारून भुरुंडीचे, खुळखुळ्याचे आणि रुईचे बी गोळा करता येते. रुईचे मोठे झुडूप उपटून आणले तर सोटमूळ तुटून ते बहुधा मरते. बी किंवा वितीएवढे रोप चालते.

बाग लावल्यावर अळ्या दिसू लागल्या की त्यांच्या मागोमाग त्यांचे शत्रूही येतात. बारीक गांधीलमाश्या अळीच्या शरीरात अंडी घालतात. बुलबुल आणि सरडे अळ्या टिपतात. घातलेल्या अंड्यांपैकी फारच थोड्यांची फुलपाखरे होतात. हे पाहून अळ्या घरात आणून बरणीत वाढवण्याची इच्छा होते. मुलांना दाखवण्यासाठी एखादी अळी वाढवण्यास हरकत नाही, परंतु पुष्कळ अळ्या दाटीने ठेवल्या तर त्यांत रोग पसरतो. शत्रू नाहीसे करण्याचाही प्रयत्न करू नये. निळ्या फुलपाखरांच्या कित्येक अळ्यांभोवती मुंग्या दिसतात. त्या अळीच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड द्रवासाठी आलेल्या असतात आणि मोबदल्यात तिचे रक्षण करतात. मुंग्यांसाठी टाकलेली भुकटी या अळ्यांना निराधार करते. कडुनिंबाचा अर्क नैसर्गिक असल्याने निरुपद्रवी असतो ही समजूतही चुकीची आहे. तो अळीची वाढ रोखतो, म्हणूनच तर शेतकरी तो वापरतात.

डिसेंबरअखेर धुके पडू लागले की बागेत उडणारे काही दिसत नाही, आणि नेमक्या याच वेळी बागेची साफसफाई करण्याची रीत आहे. वाळलेल्या काटक्या, धैंचाचे उभे खुंट, कुंपणाच्या आतल्या फांद्या यांना कोष चिकटलेले असतात. त्यांचा रंग काटकीसारखाच असतो, त्यामुळे माळ्याला ते दिसत नाहीत. छाटणी फेब्रुवारीच्या उत्तरार्धापर्यंत लांबवावी. त्यापूर्वी एखादी फांदी कापणे भागच पडले तर ती जाळू नये. अडुळशाच्या कुंपणाच्या आतल्या अंगाला, ऊन येईल अशा जागी, टेकवून ठेवावी.